जीवरसायन पहिल्याच सत्रात

मंगळवार, १२ ऑगस्ट
दुपारी, जेवणाच्या सुट्टीत

प्रिय छोटे,

अनेक आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तू गेल्यापासून तीच जास्त कुरकुरते. बाबांनी तुझ्या टेबलावरच्या दिव्याचा बल्ब बदलला. तू सगळं सोडून वसतिगृहात गेलीस, तरी दिवा चालू पाहिजे त्यांना. माझ्या कपाटाची कडी तीन महिने लोंबतेय, ते असो.

फोन का नाही केला म्हणशील. तू "हॅलो ताईss" म्हणालीस की माझा आवाज आपोआप गोड होतो आणि मग माझ्या तोंडून खरं निघत नाही. म्हणून लॅबच्या मागच्या खोलीत बसून लिहितेय. डबा तसाच आहे.

आज सकाळी एक गंमत झाली. वॉर्डातून एका काकांचं रक्त आलं. पोटॅशियम इतकं वर की माणूस जागेवरून उठू नये, आणि कॅल्शियम तळाला. मी वॉर्डात फोन केला, तर काका खिडकीशी उभे राहून शेजारच्या पेशंटला क्रिकेट समजावत होते. कागदावर मरायला टेकलेले आणि प्रत्यक्षात बाउंड्री मारतायत! नव्या सिस्टरला खाली बोलावलं. तिने आधी जांभळ्या टोपणाची नळी भरली होती आणि मग लाल. जांभळीतल्या औषधात पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियम ओढून घेतं, तेच सुईबरोबर पुढच्या नळीत गेलं. मी तिला सगळ्यांसमोर झाडलं. "नळ्या त्याच, रक्त तेच, पण क्रम चुकला की रिपोर्ट खोटा. आणि खोट्या रिपोर्टवर कोणीतरी इंजेक्शन देतं, कळतं का?"

ती रडवेली झाली. म्हणाली, "मुद्दाम नाही हो केलं, ताई."

छोटे, मी मुद्दाम केलं.

तुझ्या लॅबच्या पदवीचा चार वर्षांचा आराखडा. तू मला विषयांची यादी पाठवलीस, कुठल्या सत्रात काय घेऊ विचारलंस, आणि मी रविवारी दुपारी रेघा मारून सुंदर तक्ता करून दिला. पहिल्या सत्रात सांख्यिकी आणि संगणक घे, जीवरसायन अवघड असतं, तिसऱ्या सत्रात सवडीने घे, असं लिहिलं. माहितीपत्रकाचं सतरावं पान माझ्यासमोर उघडं होतं. जीवरसायन वर्षातून एकदाच शिकवतात, पहिल्या सहामाहीत. ते झाल्याशिवाय चिकित्सा रसायन मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय शेवटच्या वर्षी हॉस्पिटलमधलं प्रशिक्षण मिळत नाही. म्हणजे तुझं एक वर्ष वाया. मी ते वाचलं होतं. दोनदा वाचलं होतं.

का केलं ते सांगते, आणि सारवासारव करत नाही. माझ्या पोटात दुखतंय. तुझा निकाल लागला तेव्हापासून.

तू अभ्यासाला बसलीस की बाबा टीव्हीचा आवाज बंद करायचे, नुसती चित्रं बघायचे. मी ओट्यावर वह्या ठेवून दोन वर्षांचा कोर्स केला, फोडणी उडून पानांना डाग पडायचे. पुढे पदवी करायची होती. पण तेव्हा तू पाच वर्षांची होतीस, आई कामावर, तुला शाळेतून आणायला कोणीतरी हवं होतं. सगळे म्हणाले, नंतर कर. मीही म्हणाले. यात तुझा काय दोष? काहीच नाही. मला ते ठाऊक आहे आणि तरी तुझा राग येतो.

इथे चौदा वर्षं झाली. सगळ्या तपासण्या मी करते, चुका मी पकडते, आणि रिपोर्टखाली सही पदवीवाल्याची. परवा आलेला साहेब माझ्याहून नऊ वर्षांनी लहान आहे. "बघा हो ताई, ठीक आहे ना?" असं विचारतो आणि मग सही ठोकतो. त्या रविवारी सकाळी आई शेजारच्या शिंपीणकाकूंना हसत हसत म्हणाली, "आता धाकटी मोठीची साहेब होणार!" सगळ्यांत मोठ्याने मीच हसले. त्याच रविवारी तुझा तक्ता केला.

त्यावर तुझा निरोप आला. "कॉलेजच्या सल्लागार बाईंनी बोलावलं होतं, मी गेलेच नाही. सांगितलं, माझी ताई चौदा वर्षं लॅबमध्ये आहे, तिने करून दिलंय." छोटे, तू चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. नऊ दिवस मी ते वाचतेय आणि काही न झाल्यासारखी वावरतेय. तू दहा वर्षांची असताना मीच तुला रिकाम्या नळ्यांवर क्रम शिकवला होता. निळं, लाल, हिरवं, जांभळं, करडं. तू जिना उतरताना म्हणत जायचीस. आज त्या सिस्टरला झाडताना तेच तोंडात आलं, आणि सुट्टी होताच मी कागद घेऊन बसले.

आता नीट ऐक. विषय बदलण्याचा अर्ज या गुरुवारी, पाच वाजेपर्यंत घेतात. हे पत्र उद्या तुझ्या हातात पडेल, बाबांच्या मित्राबरोबर पाठवतेय. सांख्यिकी काढ, जीवरसायन घे. दुसरा तक्ता सोबत आहे. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस. सतरावं पान स्वतः वाच आणि सल्लागार बाईंकडे जा. लॅबमध्ये ज्या मशिनने एकदा खोटा आकडा दिला, तिचा पुढचा आकडा आम्ही दुसरीकडे तपासल्याशिवाय सोडत नाही.

जीवरसायन खरंच अवघड आहे, तेवढं मी खोटं लिहिलं नव्हतं. माझ्या वह्या पाठवल्या आहेत. डाग आहेत, पण अक्षर लागतं.

माफ कर असं लिहून खोडलं. ते तू ठरव. हेवा गेलाय असंही म्हणत नाही. तू साहेब झालीस तर त्या दिवशीही माझ्या पोटात दुखेल, आणि मी पेढे वाटत असेन.

चौदा वर्षांत माझ्या हातच्या एकाही कागदावर माझी सही नाही. या दोन्ही तक्त्यांवर केली आहे. चुकीच्यावरसुद्धा. त्याची एक प्रत माझ्याकडेही होती, ती जोडली आहे. आईबाबांना दाखवायची तर दाखव.

वाचून, तपासून, खरं असल्याची जबाबदारी घेऊन,

तुझी,
ताई