चपला घालून आत या

आप्पा, तुमची पाटी मी काल पुन्हा लावली. दौंडला वस्तीतल्या तुमच्या वाचनालयाचं दार आता राहिलं नाही, तिथं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. मी ती लावली कॉम्प्युटरवर, शिरूरच्या माझ्या घरात बसून. म्हणजे काय ते नीट सांगते. मराठी टाइप करताना चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ ओढणारा एक प्रोग्रॅम आम्ही काही जण मिळून चालवतो. त्याला मालक नाही. तो कसा बनलाय ते सगळं उघड्यावर ठेवलेलं आहे; कुणीही पाहावं, चूक दाखवावी, त्याच्या यादीत नसलेला शब्द पाठवावा. नव्या माणसानं आत यायचं कसं, हे सांगणारं पान लिहायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी कॉलेजात मराठी शिकवते आणि सभांमधून बोलते. तीन वर्षं ते पान तिथं होतं आणि आपल्या भागातलं एकही माणूस त्यातून आत आलं नाही. लोकांनाच आपल्या भाषेची कळकळ नाही, असं मी म्हणायचे. व्यासपीठावरूनही म्हटलंय, टाळ्या घेऊन.

यंदा दौंडला माझं भाषण होतं. भाषा कुणाची, हा विषय. ज्यांना शतकानुशतकं पाटीला हात लावू दिला नाही, त्यांच्या तोंडचा प्रत्येक शब्द हा शब्दकोशातला हक्काचा नागरिक आहे, असं मी ठणकावून सांगितलं. तुम्ही असता तर मागच्या खुर्चीवर बसून मान हलवली असती. भाषण संपल्यावर एक बाई पुढं आली. माझ्याहून लहान, हातात वही. पाटसला हायवेलगत तिचं टायपिंगचं दुकान आहे, लोकांचे अर्ज टाइप करून देते.

"मॅडम, एक बोलू? रागावणार न्हाई ना?"

"बोला की."

"तुमच्या त्या पानावर मी चारदा गेले."

"मग?"

"चारदा परत आले."

मग तिनं सांगितलं. एका शेतकऱ्याचा पाटाच्या पाण्याचा अर्ज तिनं टाइप केला. 'खोडव्याला पाणी मिळावे.' ऊस तुटल्यावर त्याच बुडख्यातून जो पुन्हा फुटतो तो खोडवा. आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत. आमच्या प्रोग्रॅमनं त्याच्याखाली लाल रेघ ओढली आणि दुसरा शब्द सुचवला. मशीनला जास्त कळत असेल म्हणून तिनं तो घेतला. अर्ज छापून निघाला, 'गोडव्याला पाणी मिळावे.' शेतकरी तिथंच मोठ्यानं वाचून म्हणाला, "ताई, माझ्या गोडव्याला पानी नगं, च्या पाज!" सगळं दुकान हसलं. ती नाही हसली. तिनं वही केली. खोडवा, उसाच्या शेंड्याचं वाढं, वाळल्या पानांचं पाचट, रस काढून उरलेलं चिपाड, लाल रेघ आली की शब्द वहीत. हे सगळं आम्हाला द्यावं म्हणून ती पानावर आली होती.

"मग दिलं का नाही?"

"तिथं लिवलंय, केवळ शुद्ध शब्दच सादर करावेत. माझ्याकडं तसले न्हाईत, मॅडम. माझ्याकडं वापरातले हायती."

आप्पा, ज्या शब्दानं आपल्या माणसांना पाणवठ्यापासून लांब ठेवलं, तो शब्द मी माझ्या हातानं दारावर लिहून ठेवला होता. आणि आत काय बोलत होते, तर हक्काचा नागरिक! त्या शब्दाच्या वर, पानाच्या पहिल्या ओळीत, मीच लिहिलं होतं, 'हे दार सर्वांसाठी उघडे आहे.' परतीच्या एसटीत ती ओळ मला ओळखीची वाटायला लागली, आणि भीमेचा पूल ओलांडताना आठवलं, ती कुठली ते.

मी सोळा वर्षांची आहे. तुम्ही लोको शेडमधून ड्यूटी करून येता, हातपाय धुता आणि वाचनालय उघडता. उद्घाटनाला मी भाषण केलंय, हे दार सर्वांसाठी उघडं आहे. वस्ती खूश. पण आठवडा झाला तरी तीच चार माणसं. रोज एक म्हातारी दारापर्यंत येते, चौकटीला हात लावते, आपल्या पायांकडं बघते आणि निघून जाते. मी तावातावानं म्हणते, "यांना वाचायचंच नाही, आप्पा." तुम्ही पुस्तकाला खाकी कव्हर घालताय. मान वर न करता म्हणता, "दार उघडं हाय म्हनून वरडून सांगितलंस. चपला कुठं काढायच्या ते सांगितलंस का?" मला काही कळत नाही. तुम्ही उठता, काळ्या पाटीवर खडूनं लिहिता आणि दाराबाहेर टांगता. 'चपला घालून आत या. पुस्तकाला हात लावा. वाचता येत नसंल तर बसा, वाचून दावू. कोन इचारणार न्हाई.' दुसऱ्या दिवशी म्हातारीला पाटी कुणीतरी वाचून दाखवली. ती चपला घालून आत आली, भिंतीला टेकून बसली. पुढं कितीतरी दिवस मी तिला वर्तमानपत्र वाचून दाखवलं.

म्हणून गेल्या रविवारी मी पाटसला तिच्या दुकानात जाऊन बसले. तिला म्हटलं, "तुम्ही शब्द पाठवा, मी एक अक्षर बोलणार नाही." आणि खरंच बोलले नाही. माझं तोंड बंद राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. ती जिथं अडली ते मी वहीत टिपत गेले. पहिल्याच सूचनेतल्या 'भांडार' या शब्दाला अडली; प्रोग्रॅमच्या फायली ठेवायच्या जागेला आम्ही तसं म्हणतो. पुढं नाव नोंदवायला सांगितलं होतं, पण कुठं ते नव्हतं. मग पडद्यावर लाल अक्षरात इंग्रजी ओळ आली आणि तिनं झटकन सगळं बंद करून टाकलं. "मोडलं का वो माझ्याकडनं?" असं तिनं विचारलं, तेव्हा बोलायचं नाही हे मी विसरलेच. तिथं कुणाकडूनही काही मोडत नाही, आलेला प्रत्येक शब्द आधी आम्ही बघतो आणि मगच आत घेतो, हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगताय व्हय! हे पयलं न्हाई का लिवायचं?"

तेच पहिलं लिहिलं. 'इथं तुमच्याकडून काहीही मोडत नाही.' मग कुठं बोट ठेवायचं, काय दिसेल, लाल ओळ आली तर तिचा अर्थ काय, हे ती अडली त्याच क्रमानं. 'शुद्ध' काढून 'वापरातला' घातलं. आमच्यातला एक सहकारी म्हणाला, असं लिहिलंत तर कचरा येईल. मी म्हटलं, येऊ दे, झाडायला मी आहे. तीन वर्षं आपण स्वच्छ रिकाम्या खोलीत बसलोय. वाद झाला, तोही उघड्यावर; तिनंही तो वाचला. मी तो जिंकले हे सांगायला नको.

काल तिनं नवं पान उघडून, मला फोनसुद्धा न करता, पहिला शब्द पाठवला. मी तो घेतला, तिच्या नावासकट. आज तिनं दुकानात 'खोडवा' टाइप करून फोटो पाठवला. खाली रेघ नाही. सोबत एक ओळ, "आता चिपाड पाठवते, झाडू तयार ठेवा." सकाळपासून मला तेवढंच पुरतंय.

रविवारी टिपणांसाठी तिच्या वहीतून फाडून घेतलेले कागद उरले होते, हे पत्र त्यांवर लिहिलंय. घडी घालून ते शब्दकोशात ठेवीन, आणखी कुठं जाणार ते? फक्त एक सांगायचं राहून गेलंय. तुम्ही पाटी लावल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तुम्ही ड्यूटीवर गेलेले असताना तिच्यावरची शेवटची ओळ पुसून 'कोणी विचारणार नाही' असं मी लिहिलं होतं. मला लाज वाटली होती. संध्याकाळी पाटीकडं बघून तुम्ही एवढंच म्हणालात, "अक्षर सुधारलं म्हनायचं माझं." मी मान खाली घालून पुस्तकं लावत राहिले. नव्या पानाच्या शेवटी मी ती ओळ तुमच्या अक्षरात ठेवली आहे. कोन इचारणार न्हाई. तिन्ही शब्दांखाली अजून लाल रेघ येते. ते मी गुपचूप यादीत टाकू शकले असते, पण टाकलेले नाहीत. सगळ्यांसारखी त्या पानावरूनच पाठवणार आहे, आणि आप्पा, सकाळपासून दोनदा जाऊन परत आलेय.