घामाचे दोन किलो

३ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

माझी किडनी तुला जुळते हे कळल्यापासून घरात आनंदीआनंद आहे. पण डॉक्टरांनी खोडा घातलाय. माझं वजन ब्याण्णव. चौऱ्याऐंशीवर आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही म्हणाले. काळजी करू नकोस. बेकरीतून सुटलो की प्लास्टिकचा रेनकोट, वर स्वेटर चढवून तासभर पळतो. घामाच्या धारा लागतात. काल एका दिवसात दोन किलो उतरले! बायको म्हणते, वेड लागलंय.

माया आहेच, वाढत राहो.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

हसू आलं नि धडकीही भरली. अरे, डायलिसिसचं यंत्र दर खेपेला माझ्या अंगातलं अडीच किलो पाणी काढतं. मी बारीक झाले का? दोन दिवसांत तेवढंच परत चढतं. तुझा घामही पाणीच. बारा वर्षं भट्टीसमोर घामाघूम होतोस, तरी पोट सुटलंच ना! मला घोट मोजून प्यावं लागतं. तू तरी पोटभर पी. रोज चाल, आणि येता-जाता तुटकी बिस्किटं तोंडात टाकणं बंद कर.

दोन ओळी का होईना, खुशाली कळव.

तुझी ताई

२१ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

तुझं ऐकलं नाही. तपासणीच्या सकाळी दोन तास पळालो, पाण्याचा थेंब घेतला नाही. वजनाच्या रांगेतच चक्कर येऊन आडवा झालो. किडनीचा रिपोर्ट बिघडलेला. जी द्यायची तिचेच हाल करताय, असं डॉक्टर सगळ्यांदेखत बोलले. सलाईननंतर रिपोर्ट सुधारला, पण काट्यावर पुन्हा एक्क्याण्णव. शस्त्रक्रिया तीन महिने पुढे गेली. तुझे दिवस वाया घालवले. रागाव, पण अबोला धरू नकोस.

धाकटा

२६ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

रागावले, रडले, मग जेवले. तीन महिने मी काढीन. यंत्राची सवय आहे मला. तू आडवा पडल्याचं ऐकायची नाही. पुन्हा असं केलंस तर किडनी तुझी तुलाच लखलाभ.

जपून राहा.

ताई

२ जुलै

ती. ताईस, शि. सा. न.

चौऱ्याऐंशीला दोनशे ग्रॅम कमी! रोज पायी जा-ये, ताटात निम्मी भाकरी. आठवड्याला जेमतेम अर्धा किलो उतरायचा. कधी काटा हलायचाच नाही, तेव्हा तुझं पत्र काढून वाचायचो. डॉक्टरांनी बारा तारीख दिलीय. बायकोला सांगितलं, मला मुळीच भीती वाटत नाही. तुला खरं सांगतो, वाटते. शेजारशेजारच्या खाटा मिळतात का, एवढं तिथल्या नर्सबाईंना विचारून ठेव.

तुझा धाकटा