केवड्याची मुसकी

बोरिवली, २ मार्च २०२४

ती. गुणाजीमामांस रुचिराचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मामी माझं अर्धं बोलणं गाळून सांगते, म्हणून लिहितेय. मी घोडेस्वारी शिकवते तिथला केवडा हा घोडा गेले तीन आठवडे डोकं झटकतोय. नाकात मधमाशी शिरावी तशी एकदम मान वर फेकतो, फुरफुरतो, चालता चालता नाक पुढच्या पायाला घासतो. तबेल्याच्या सावलीत गरीब गाय. रिंगणात ऊन लागलं की सुरू. डॉक्टरांनी दात, कान, डोळे तपासले. चेहऱ्याची नस दुखत असावी, खात्रीचं औषध नाही, असं म्हणाले.

आमचे मालक श्यामकांत म्हणतात, ही खोडी आहे, पट्ट्याने डोकं खाली आवळा. लहान मुलं बसतात त्याच्यावर, एखादं पडलं तर? त्यांची भीती खोटी नाही. होळीच्या रविवारी, २४ तारखेला, ऐन उन्हात केवड्याने पाच फेऱ्या नीट घातल्या तर ठीक, नाहीतर तो वरातवाल्याकडे जाणार. बँड, फटाके, डोळ्यांवर लाइटी. मामा, तो तिथे मरेल. तुम्ही रेसकोर्सवर तीस वर्षं घोडे सांभाळलेत, काहीतरी सुचवा.

आई बरी आहे, तुमच्या कोकमांची वाट बघतेय. माया आहे ती वाढू द्यावी.

तुमची भाची,
रुचिरा


कसाल, ७ मार्च

चि. रुचिरास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचावं लागलं, तुझं अक्षर अजून तसंच आहे. आधी तो पट्टा सोड. दात दुखला की माणूस गाल धरतो, तसा तो नाक घासतो. यात खोडी कसली? आमच्या तबेल्यात असे दोन घोडे होते, त्यांना आम्ही मुसकी बांधायचो. नाकावर सारखं काहीतरी लागत राहिलं की नस गप्प बसते. तूही बांध. आधी सावलीत फिरव, मग उन्हात ने.

मामी तुझ्या लग्नाचं विचारत होती. आधी घोड्याचं मार्गी लागू दे, असं मी तिला सांगितलं. आम्हा दोघांची आठवण ठेव आणि जपून राहा.

तुझा मामा,
गुणाजी


बोरिवली, १४ मार्च

ती. मामांस सा. न. वि. वि.

डाव्या हाताने लिहितेय, उजवं मनगट प्लास्टरात आहे.

तुम्ही सांगितलंत तशी मुसकी बांधली. गावी मळणीच्या बैलांना बघितली होती, तशीच काथ्याची विणून घेतली. पहिल्या फेरीलाच केवडा वेडापिसा झाला, दोन पायांवर उभा राहिला. मी पडले, तो कुंपणावर आपटला. त्याच्या नाकाची कातडी सोलवटली आहे.

श्यामकांत म्हणाले, २४ तारीख तुझ्यासाठी पाळतो, पण आता बसणार कोण? दुसऱ्या कुणाचा जीव मी धोक्यात घालणार नाही. मामा, तुमचा राग येतोय. लिहू नये, पण येतोय. तुम्ही सांगितलंत म्हणून मी डोळे मिटून केलं.

शेवटची मायेची ओळ आज लिहवत नाही, तुम्हीच समजून घ्या.

रुचिरा


कसाल, १९ मार्च

चि. रुचिरास आशीर्वाद.

तुझा राग बरोबर आहे. 'काथ्याची' हा शब्द वाचला आणि मला जेवण गेलं नाही. रेसकोर्सवर आम्हा गावच्या माणसांच्या जिभेवर साहेबी नावं बसेनात. म्हणून नाकपुड्यांवर सोडायच्या मऊ, झिरझिरीत पडदीला आम्ही आपलं मुसकी म्हणायचो. तोंड मोकळंच असायचं. तीस वर्षं तोच शब्द तोंडात, त्यामुळे तुला बैलांची मुसकी आठवेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुखऱ्या नाकावर काथ्या घासायला मीच लावला.

शिमग्याला सगळी मुंबई गावी येते, मी उलटा निघालोय. शुक्रवारी पोचतो. तोवर त्याच्यावर कुणी बसू नये. हे पत्र आधी पोचतं की मी, बघू. मनगटाला जप, आणि जमलं तर मामावरची माया सोडू नको.

गुणाजी


बोरिवली, २५ मार्च

ती. शेवंतीमामीस सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर तू मला बोलूच दिलं नसतंस. मामा सुखरूप आहेत. आता पूर्ण वाच आणि मग रागाव.

आल्यापासून मामा तबेल्यातच होते. माझी नेटची ओढणी कापून त्यांनी पडदी शिवली आणि केवड्याच्या नाकपुड्यांवर सैलसर सोडली. काल भर उन्हात श्यामकांतांनी विचारलं, बसणार कोण. मामा म्हणाले, "मी बसतंय." अडुसष्टाव्या वर्षी, मामी! मी नको नको म्हणत राहिले. श्यामकांतांनी हेल्मेट घातल्याशिवाय चढू दिलं नाही, एवढंच.

पहिल्याच वळणावर ऊन तोंडावर आलं आणि केवड्याने मान फेकली. मामांनी लगाम ओढला नाही, उलट सैल सोडला. दुसऱ्या फेरीत दोनदा झटकलं, तिसऱ्या फेरीत एकदा. शेवटच्या दोन फेऱ्यांत एकदाही नाही.

श्यामकांत म्हणाले, ठेवू. पण मुलांना बसवायचं नाही आणि ऊन चढायच्या आत स्वारी संपवायची. डॉक्टर म्हणतात, दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर हे उलटू शकतं. तरी वरातवाल्याला त्यांनी तिथल्या तिथे नाही म्हणून कळवलं.

उतरल्यावर केवड्याच्या सोललेल्या नाकाजवळ तोंड नेऊन मामा म्हणाले, "चूक माझी रे. मी तुका दुखयलंय." केवडा तसाच शांत उभा राहिला. मला रडू आवरलं नाही.

मामा अजून आठवडाभर इथे राहतील. यंदा शिमग्यात देवापुढच्या गाऱ्हाण्याला त्यांचा नारळ तू पाठव. राग माझ्यावर काढ, त्यांच्यावर नको, आणि तो ओसरला की माया आहे तशी असू दे.

तुझी,
रुचिरा