कोऱ्या जागेतला पखवाज

बुवा, त्या रविवारी सकाळी मी पूजा आटोपली, पखवाज गोधडीत गुंडाळला आणि कडावहून एस.टी.ने कर्जतला गेलो, ते बाईंना नाही म्हणून सांगायला. नाही सांगायला जाताना पखवाज कशाला, असं बायकोने विचारलं. या बाई मुंबईच्या. पियानो वाजवतात, नव्या तऱ्हेचं संगीत रचतात आणि तालमींसाठी नदीकाठचा एक बंगला भाड्याने घेतात. आमच्या देवळातलं भजन ऐकून त्यांनी मला बोलावलं होतं. एक व्हायोलिन, एक चेलो, खोपोलीच्या लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला आणि मी. समोर सूर लिहिलेले नाहीत, बोल नाहीत. मोठ्या कागदांवर रेघा, ठिपके, शाईचे फराटे. रेघ चढली की आपण चढायचं, ठिपके दाटले की हात दाट करायचा. किती वेळ, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

फराट्यांचं मला जमलं. अडलं ते शेवटच्या कागदावर. त्याच्या मधोमध वीतभर कोरी जागा आहे. तिथे सगळ्यांनी थांबायचं आणि पुन्हा सुरुवात मी करायची, मला वाटेल तेव्हा. दिवाळीपासून प्रत्येक तालमीत मी ती जागा भरून टाकत होतो. बाकीच्यांचा आवाज विरतो न विरतो तोच माझी बोटं भजनातल्या धुमाळीचा ठेका धरतात. क्लॅरिनेटवाला म्हणायचा, "दादा, कोरा कागद हाय तो. तुमी तिथं पन भात लावताय." बाई हसायच्या नाहीत. एकदा मी हात मांडीखाली दाबून धरले, तरी म्हणाल्या, "तुम्ही मोजताय. मान हलतेय तुमची." तेव्हा मला राग आला तो त्यांचा नाही, तुमचा.

लहानपणी मी पखवाज शिकायला यायचो, ते लोधिवलीचं तुमचं स्वयंपाकघर. काकू चुलीपाशी भाकऱ्या थापतायत, तुम्ही पाटावर बसून अभंग म्हणताय, मी समोर पखवाज घेऊन बसलोय. तुम्ही दम घ्यायला थांबता. तुमच्या आवाजाचं शेपूट मला इतकं गोड लागतं की माझा हात थांबतो. तुम्ही हातातला टाळ माझ्या मनगटावर मारलात. "मी दम घेतला आन् तू देवाला एकटा सोडलास? हात थांबवायचा नाय रं." काकू म्हणाल्या, पोराला लागलं असेल. तुम्ही पुढचं चरण घेतलंत. त्याच संध्याकाळी हा तुमचा पखवाज तुम्ही मला देऊन टाकलात, आणि मार आणि बक्षीस माझ्या मनात एकच होऊन बसलं. तेव्हापासून मी देवाला एकटं सोडलेलं नाही. जेवताना, कारखान्यात, बांधावरून चालताना आत नाम चालूच असतं. ही भक्ती की टाळाची भीती, हे पन्नाशीला टेकल्यावर एका परक्या बाईच्या कागदासमोर बसून स्वतःला विचारावं लागलं, याची चीड येते, बुवा.

त्या रविवारी बाईंना म्हणालो, दुसरा कोणी बघा. त्यांनी शेवटचा कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "दुसराही त्या जागेत वाजवेलच. तुम्ही या. कार्यक्रमात ती जागा भरलीत, तर हा कागद मी कायमचा काढून टाकेन." मला गोधडीतून पखवाज सोडून तालमीला बसावंच लागलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. तुम्ही हयात असता तरी टाकलं नसतं.

काल खालापूरला शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. माणसं थोडी, पुढच्या बाकावर आपल्या भजनी मंडळाचे टाळकरी. शेवटचा कागद आला. व्हायोलिन विरलं. मी दोन्ही हात पखवाजावरून उचलले आणि मांडीवर ठेवले. बाहेरून टेंपो गेला. कोणी खोकलं. टाळकऱ्यांपैकी एक दुसऱ्याला म्हणाला, "इसरला काय रं ह्यो?" क्लॅरिनेटवाला माझ्याकडे बघत राहिला, बाईंनी डोळे मिटले. सुरुवात माझ्या हातात होती. मी ती केली नाही, कितीतरी वेळ केली नाही. मोजत नव्हतो. आणि बुवा, त्या वेळात मी नामही घेत नव्हतो.