केशकाल घाटातील अपघाताचा माझा जबाब बदलून घेण्याबाबत

दिनांक : १९ जानेवारी २०२६

प्रति,
मा. अपघात चौकशी अधिकारी,
शिवनाथ मार्गमदत सेवा,
मुख्य कार्यालय, नागपूर.

अर्जदार : देवीदास रंगारी, चालक, भनपुरी डेपो, रायपूर. राहणार पुरानी बस्ती, रायपूर.

विषय : नव्या टोचन गाडीच्या दहापैकी चार गिअर कमी करण्याबाबत, तसेच केशकाल घाटातील अपघाताविषयी माझा जबाब बदलून घेण्याबाबत.

संदर्भ : आपला चौकशी अहवाल व त्यास जोडलेला माझा दि. ९ डिसेंबरचा जबाब.

महोदया,

१. मी भनपुरी डेपोत सत्तावीस वर्षांपासून टोचन गाडी चालवतो. रस्त्यात बंद पडलेले भरलेले ट्रक लोखंडी दांड्याने मागे जोडून रायपूरला ओढून आणणे, हे माझे काम. आमच्याकडे अर्ज हिंदीत करण्याचा रिवाज आहे. परंतु चौकशीच्या दिवशी आपण माझे आडनाव वाचून मराठीत विचारपूस केलीत, म्हणून हा अर्ज मराठीत सादर करीत आहे. शुद्धलेखनाची चूक पदरात घ्यावी.

२. गेल्या ऑगस्टमध्ये डेपोला आपोआप गिअर बदलणारी नवी गाडी मिळाली. अकरा चालकांतून ती माझ्या हाती देण्यात आली व हार घातलेल्या गाडीसोबत माझा फोटो कार्यालयात लावण्यात आला. शिकवायला आलेला मुलगा मला म्हणाला, "अंकल, अब आपको कुछ नहीं करना है, बस बैठना है." क्लच नसल्यामुळे माझा डावा पाय आठवडाभर रिकाम्या जागी दाबत राहिला. जुन्या गाडीला सहा गिअर होते, हिला दहा आहेत. दहा गिअर इतके जवळजवळ असतात की एकातून दुसऱ्यात गेलेले पोटातल्या पाण्यालाही कळत नाही. तरी दहापैकी चार गिअर कायमचे बंद करून मिळावेत. ते शक्य नसल्यास गाडीच्या मागे शाळेत असते तशी पितळी घंटा बसवावी व प्रत्येक गिअर पडताना ती वाजेल अशी व्यवस्था करावी. ही मागणी वाचून आपण हसाल हे मला ठाऊक आहे. कारण पुढे देत आहे.

३. घाटात भरलेला ट्रक ओढताना मागच्या ट्रकमध्येही एक माणूस स्टेअरिंगवर बसतो. आमच्याकडे त्याला 'मागचा' म्हणतात. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, माझ्या गाडीची पाठ तेवढी दिसते. घाटात मोबाइल लागत नाही. मागचा कानावर चालतो. मी उतारावर गिअर पाडला, म्हणजे वेग कमी करायला खालचा गिअर टाकला, की इंजिन गरजते, ती गर्जना ऐकली की मागच्याने ब्रेकवर पाय ठेवायचा. आवाज आणि पाय यांत श्वासाएवढेही अंतर पडले तर मागचा ट्रक पुढच्याच्या अंगावर येतो. हे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही, पण भनपुरीत लहानथोर सर्वांना माहीत आहे. माझ्या गाडीचे 'मागचे' एकोणीस वर्षे एकच होते, श्री. श्यामराव हेडाऊ. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. एकोणीस वर्षांत त्यांचा पाय एकदाही चुकला नाही.

४. नवी गाडी आली तेव्हा त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितले, "देवीदास, तू गिअर पाडून राहिला का नाही, मले काहीच समजून नाही राहिलं." यावर आम्ही दोघांनी तोड काढली. या गाडीचा लिव्हर बाजूला सारला तर गिअर हातानेही पाडता येतात. मी घाटात गाडी हातावर घ्यायची, तीन गिअर एकदम पाडायचे, म्हणजे इंजिन जुन्यासारखे ओरडते. रिंग रोडवर तीन दिवस सराव केला. श्यामराव खूश झाले, म्हणाले, "हव, आता बराबर बोलते गाडी."

५. दि. ४ डिसेंबरला कोंडागावकडून मक्याने भरलेला ट्रक आणताना केशकाल घाटाच्या सातव्या वळणावर मागचा ट्रक माझ्या गाडीवर चढला, दांडा वाकला आणि ट्रकची केबिन कठड्यावर आदळली. श्यामरावांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. आपल्या अहवालात लिहिले आहे की पुढील गाडी हाताच्या गिअरवर होती, इशारा रीतसर देण्यात आला होता, मागील चालकाने ब्रेक लावण्यास विलंब केला. त्यावरून त्यांना कामावरून कमी करण्यात आले. त्यांनी एका शब्दाने तक्रार केली नाही. तक्रार करणार कशी? त्यांना स्वतःलाच पटले आहे की त्यांचा कान गेला.

६. महोदया, हा कान मला झोपू देत नाही. श्यामराव पायाला प्लास्टर घालून भनपुरीत आपल्या घरासमोर खुर्ची टाकून दिवसभर बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक ट्रकचा गिअर ओळखतात. "तिसरा पडला. आता दुसरा." मग आपल्या पत्नीला, वनमाला वहिनींना, विचारतात, बरोबर का? वहिनींना काय कळणार, त्या हो म्हणतात. मग ते चिडतात, की तू माझे मन राखतेस. कानाच्या डॉक्टरांनी तपासून वयाच्या मानाने कान उत्तम असल्याचे लिहून दिले, तेही त्यांना पटत नाही. म्हणतात, डॉक्टरने कधी ट्रक ऐकला आहे? गेल्या रविवारी मी त्यांच्या शेजारी बसलो. अकरा ट्रक गेले. अकराही गिअर त्यांनी बरोबर सांगितले. मी मान खाली घालून बसलो. त्यांना वाटले, मी त्यांच्यावर दया करून गप्प आहे.

७. कलम २ मधील मागणी मी सर्वांत आधी लिहून ठेवली होती. ती आता मागे घेतो. नाचता येईना अंगण वाकडे, असा तो प्रकार आहे. गाडी चांगली आहे. माझ्या हयातीत मी इतकी चांगली गाडी चालवली नाही, आणि दोष तिथेच आहे. माझा डावा खांदा सहा वर्षांपासून दुखतो. त्या दिवशी घाटाच्या माथ्यावर चहा पिताना श्यामरावांनी विचारले, "हातावर घेतली ना?" मी हो म्हणालो आणि घेतलीही होती. चार वळणे हाताने उतरवली. नंतर रस्ता मोकळा दिसला, खांद्यात कळ आली, आणि मी लिव्हर सरळ करून गाडी तिची तिच्यावर सोडली. गाडी एकेक गिअर हळूच पाडत, आवाज न करता, लोण्यासारखी उतरत होती. मला बरे वाटत होते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा घाटात मला बरे वाटत होते. मागे एक माणूस कान लावून बसला आहे, हे तेवढा वेळ माझ्या डोक्यातून गेले. सातव्या वळणावर गाडी मंदावली, ते मला कळले. त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. ज्या आवाजाची ते वाट पाहत होते तो आवाज मी काढलाच नाही.

८. चौकशीत आपण विचारलेत, गाडी हातावर होती काय. मी होय म्हणालो. नवी गाडी जाईल, फोटो उतरेल, एवढीच भीती होती. आपण माझी जुनी सेवा पाहून पुढे काही तपासले नाही. गाडीच्या संगणकात त्या दिवसाची नोंद असेल, ती अवश्य काढून पाहावी. तरी माझा दि. ९ डिसेंबरचा जबाब खोटा समजून रद्द करावा, अपघाताचा दोष माझ्या नावे लावावा, श्री. हेडाऊ यांना सन्मानाने कामावर घ्यावे व माझ्यावर नियमाप्रमाणे कारवाई करावी. माझी मुलगी चेतना हा अर्ज टाइप करताना दोनदा थांबली. म्हणाली, "पापा, ये मत लिखो, नौकरी चली जाएगी." मी तिला पुढे टाइप करायला सांगितले.

९. अर्ज टपालात टाकण्यापूर्वी काल सकाळी मी तो श्यामरावांना वाचून दाखवला. मी सातवे कलम वाचत असताना वनमाला वहिनी उठून आत गेल्या. श्यामराव रस्त्याकडे पाहत राहिले. ते मला शिव्या देतील, काठी उगारतील, यासाठी मी तयार होऊन गेलो होतो. त्यांनी पायाचे नाव काढले नाही, नोकरीचे नाव काढले नाही. एवढेच विचारले, "म्हणजे माहा कान बराबर हाय ना?"

मी हो म्हणालो. परंतु माझ्या होकाराला आता त्यांच्या लेखी किंमत उरलेली नाही, आणि ती नसावी हेच योग्य आहे. म्हणून इतर मागण्यांचा निर्णय होईल तेव्हा होवो, श्री. श्यामराव हेडाऊ यांचा कान दि. ४ डिसेंबर रोजी बरोबर होता, असे कार्यालयाच्या सही-शिक्क्याचे पत्र तेवढे त्यांच्या पत्त्यावर तातडीने पाठवावे.

शिक्षेस पात्र असलेला, आपला नम्र,

(सही)
देवीदास रंगारी
चालक, भनपुरी डेपो, रायपूर

सोबत :
१. दि. ९ डिसेंबरच्या माझ्या जबाबाची प्रत, खोट्या ओळीखाली रेघ ओढून.
२. श्री. हेडाऊ यांच्या कानाच्या तपासणीचा कागद.
३. नव्या गाडीची किल्ली, जोडीची दुसरी डेपोत जमा केली आहे.