सगळ्या देव्यांचा एकच चेहरा

३ नोव्हेंबर, सोमवार

फजिती झाली! अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये.

सकाळी खंडोबाच्या देवळाच्या शिखरापाशी परांचीवर होतो, म्हाळसेच्या मूर्तीच्या लुगड्याला हिरवा देत होतो. मनिषाताईंचा फोन. "भुजंगजी, पहिला मुक्काम ठरला. महिनाभर. तुमच्याच वाडीत."

ब्रश डब्यात ठेवला आणि बांबूला धरून बसलो.

कालच निरोप झाला माझा! वाडीजवळच्या राणीसावरगावच्या चौकात फ्लेक्स – फेट्यातला माझा फोटो, 'उच्च शिक्षणासाठी प्रस्थानाच्या हार्दिक शुभेच्छा'. शाल, नारळ. बायकोनं, दैवशालानं, सगळ्यांदेखत ओवाळलं. देवस्थानचा पंच बन्सीधर याने भाषणात मला विमानात बसवलं.

हे शिक्षणच फिरतं आहे. इमारत नाही, वर्ग नाही. कलेवर पोट भरणारी बारा माणसं, दोन वर्षं. एकेकाच्या गावी जाऊन राहायचं, तिथलं बघायचं, शिकायचं. शेवटी एम.ए. माझं शिक्षण गावच्या शाळेतलं, दहावी. पण पंचवीस वर्षांचं काम त्यांनी पदवीच्या जागी धरलं. मनिषाताई हे शिक्षण चालवतात. त्यांनी ताडकळसच्या देवळाचं शिखर रस्त्यावरून बघितलं, गाडी थांबवली, आणि मूर्तीच्या पायाशी मी घातलेला नंबर फिरवला. एवढीच माझी पुण्याई.

संध्याकाळी बन्सीधर पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मंग बापू, इमान कुठं उतरायलंय? तुज्या खळ्यात का?"

४ नोव्हेंबर, मंगळवार

नारळ फोडून खाल्ला. शाल पेटीत. खंडेराया, तू हसायला लागलास हे मला कळतंय.

८ नोव्हेंबर, शनिवार

आले! अकरा जण आणि मनिषाताई. देवळाच्या भक्तनिवासात उतरले. एक कोरियातली बाई आहे, मातीची भांडी करते. एक केनियाचा सुतार – भाकरी ठेच्याशी खाल्ली, डोळ्यांतून पाणी, तरी दुसरी मागितली. बाकी इकडचे-तिकडचे. नागपूरची धम्मशीला लग्नातले फोटो काढून घर चालवते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल, पण मला 'भुजंगदादा, तुम्ही माझे वर्गमित्र' म्हणाली. कानाला गोड लागलं.

दैवशाला चुलीपुढून म्हणाली, "अवं, ह्यांच्यात मास्तर कोण अन् पोरं कोण? समदेच पिकलेले हायत की!"

पहिला आठवडा कोणी काही करायचं नाही. नुसतं बघायचं. इथं माझी अडचण. चंपाषष्ठीच्या आत शिखर पुरं व्हायला हवं. सगळं होत आलंय, फक्त बाणाईचं तोंड राहिलंय. ती धनगराची लेक, खंडोबाची दुसरी बायको. आमच्या वाडीला म्हाळसेपेक्षा तीच जवळची. तोंड मी शेवटी काढतो. उपास धरून, आंघोळ करून. डोळे उघडले की तोंड फिरवून खाली उतरायचं, त्या दिवशी परत वर बघायचं नाही. उस्तादांनी तसंच शिकवलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आज ताडकळसला गेलो. रस्त्यात माझी आणखी दोन देवळं दाखवली. ताडकळसच्या देवळापुढे सगळे माना वर करून उभे. मनात म्हटलं, आता कौतुक करतील. खोटं का लिहू, म्हणूनच छाती काढून उभा होतो.

धम्मशीलानं कॅमेरा खाली घेतला. "भुजंगदादा, आज बघितलेल्या ह्या तिघी कोण?"

"ही रेणुका. मघाच्या देवळावरची म्हाळसा. त्याआधीची लक्ष्मी."

"नाही हो. हा चेहरा कोणाचा? तिन्ही गावांत हाच आहे."

हसलो. देवीचा चेहरा देवीचाच असतो म्हणालो. तिनं कॅमेऱ्यातले फोटो एकामागून एक दाखवले. उजवी भुवई डावीपेक्षा किंचित वर. खालचा ओठ भरलेला. हनुवटीला खळी. तिन्हीकडे! एवढ्या वर्षांत मला दिसलं नाही! मीच काढलं, आणि मला दिसलं नाही!

गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

माझे देवघरातले टाक बघितले. ते सोनारानं केलेले. त्यांचे चेहरे वेगळे आहेत.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

धम्मशीलानं माझ्या जुन्या-नव्या देवळांचे फोटो छापून आणले. भक्तनिवासाच्या भिंतीला ओळीने लावले, आधीचं आधी, नंतरचं नंतर. मनिषाताई पहिल्यापासून शेवटपर्यंत बघत गेल्या. मग हळूच म्हणाल्या, "चेहरा एकच आहे. पण बघा – तो मोठा होत गेलाय."

खरंच! पंचवीस वर्षांपूर्वीची रेणुका जेमतेम पोरसवदा. मधली म्हाळसा भरल्या अंगाची. अलीकडच्या लक्ष्मीच्या डोळ्यांखाली रेघ आहे. देवीच्या डोळ्यांखाली रेघ! कोणता पेंटर काढतो?

पंचवीस वर्षं मी उपास धरून काय काढत होतो? आणि गावंच्या गावं कोणाच्या पाया पडत होती?

वाडीत खबर पसरायला वेळ लागतो होय! पारावर एकच चर्चा. "बापू, एवढा सोवळ्यातला तू, अन् मनात कोण बसविली हाईस?" "ती गंगाखेडची बांगड्यावाली तर न्हवं?" बन्सीधर तर म्हणाला, "माजं तोंड बी काढ रं एकांदं, मारुतीला." हसणं थांबेना.

दैवशालानं ताट वाढलं. समोर बसली. "लगनाच्या आधीची हाय का नंतरची, तेवढं सांगा."

"मला माहीत नाही गं. देवाची शपथ."

"देवाचं नाव काडू नगा. देवीलाच तिचं तोंड लावून बसलाव." आणि उठून गेली. तेवीस वर्षांत असं बोलली नव्हती.

१६ नोव्हेंबर, रविवार

नीट लिहितो.

तानुआत्या – वडिलांची थोरली बहीण, ऐंशीच्या पुढची – काठी टेकत फोटो बघायला आली. कोणी बोलावलं नव्हतं. दैवशालानं हाताला धरून आणलं. ओळीतल्या शेवटच्या फोटोपाशी आत्या थांबली. नाक भिंतीला लागेपर्यंत वाकली.

"आगं बया! ही तर आपली सरजा."

आणि स्वतःच्या तोंडावर चापट मारून घेतली. एक, दोन, तीन. "खंडेराया, चुकले! चुकले रं बाबा! नाव निघालं!" मटकन खाली बसली. धम्मशीला पाणी घेऊन धावली. आत्या पाणीही घेईना. म्हणे भंडारा उचलून शपथ घेतलेल्या तोंडानं नाव घेतलं, आता हे तोंड पाण्यालाही लायक नाही.

सरजा माझी बहीण. पाठची.

मी बारा वर्षांचा असताना तापानं फणफणलो होतो. वाचत नाही म्हणून सगळ्यांनी आशा सोडली. आईनं नवस बोलला – पोरगा वाचव, पोरगी तुला सोडते. मी वाचलो. सरजाच्या गळ्यात कवड्यांचा गाठा घातला, भंडाऱ्यात तिचं लग्न लावलं देवाशी. मुरळी झाली. चौदाव्या वर्षी जागरणाच्या पार्टीबरोबर नाचायला गेली. दोन वर्षं जत्रेला दिसली, मग दिसलीच नाही. वडील म्हणाले, कर्नाटकात गेली, खबर नाही. हळूहळू मीही तिचं नाव काढेनासा झालो, वाडीही विसरली; दैवशालाला तर कधी सांगितलंच नाही.

आत्या आज वेगळंच बोलली. "कशाचं कर्नाटक! तिनं गाठा काढून देवापुढं ठिवला. मला न्हाई नाचायचं म्हन्ली. देवाचं लगीन मोडलं की रं! तुजा बाप भेला – आता देव पोरगा परत घेतंय म्हून. माज्याकडनं अन् तुज्या आईकडनं भंडारा उचलून घेतला. ह्या घरात तिचं नाव काडायचं न्हाई, जित्ती हाय म्हून सांगायचं न्हाई."

"जिवंत आहे?"

"शेलूला हाय. जिनिंगवर जाती कापसाच्या. मला लय साल झाली ऐकून."

वडील गेले, आई गेली. आई शेवटच्या दिवसांत माझ्याकडे बघून तोंड उघडायची आणि मिटायची. मला वाटायचं, पाणी मागते. चमच्यानं पाजायचो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

दैवशाला शेजारी येऊन बसली. माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "मला नणंद हाय, अन् मलाच ठावं न्हाई!" मग रडली. मला रडू आलं नाही. मी आपला तिच्या बांगड्यांकडे बघत राहिलो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आत्या जेवत नाही. तिला देवळात घेऊन गेलो. देवापुढं उभं केलं. म्हटलं, शपथ ज्यानं घ्यायला लावली तो गेला, ज्याच्यासाठी घेतली तो मी इथं उभा आहे. मीच सोडवतो तुला. तिच्या ओटीतला भंडारा काढून माझ्या उपरण्यात घेतला. आत्या म्हणाली, "असं चालतंय व्हय रं?" मला माहीत नाही. देवाला माहीत. पण घरी येऊन तिनं दूध घेतलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सेलू. माझं तिथलं देऊळ बघायला जायचं आधीच ठरलेलं होतं. मनिषाताई एवढंच म्हणाल्या, "भुजंगजी, उतरायचं की नाही ते तुमचं. आम्ही गाडीत थांबू." दैवशाला माझ्या आधी उतरली.

जिनिंगच्या मागच्या गल्लीत विचारलं. एका बाईनं माझ्याकडे निरखून बघितलं आणि हाक मारली, "अक्का, तुमच्याच तोंडाचं कोण आलंय बगा!"

बाहेर आली. केसात कापसाचं तूस. उजवी भुवई वर. हनुवटीला खळी. डोळ्यांखाली रेघ – जिथं मी काढली, तिथंच.

मी म्हणालो, "मी भुजंग."

"ठावं हाय. देवळावर नाव घातलंस न्हवं. नंबर बी हाय. पाठ हाय मला." आणि घडाघडा म्हणून दाखवला! माझा नंबर! नऊ वर्षं ते देऊळ तिच्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. नऊ वर्षं!

"मग फोन का नाही केलास?"

"तू कशापायी आला न्हाईस?"

"मला माहीत नव्हतं गं. मला सांगितलं होतं..."

तिनं हातानं थांबवलं. "बस. च्या घे." आत एक चटई, एक पाट, भिंतीवर एकही देव नाही. मी गावोगाव देव रंगवतो, आणि माझ्या बहिणीच्या घरात देव नाही. ती माझ्याकडे बघतही नव्हती, दैवशालाकडे बघत होती. दैवशाला तिच्या केसातलं तूस वेचायला लागली, आणि तिनं वेचू दिलं.

निघताना दैवशाला म्हणाली, "वन्सं, चंपाषष्टीला या. तुमचंच घर हाय."

"बगते," म्हणाली. दार लावलं नाही, पण दारात थांबलीही नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ती बघत होती. मी उपास धरून तिला काढत होतो, आणि ती येता-जाता वर बघत होती.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बन्सीधर दोनदा येऊन गेला. आता चेष्टा नाही. परांचीखाली उभा राहून हळू बोलला, "बापू, माज्या तोंडातून वंगाळ गेलं. मला काय ठावं रं? पर बाणाईला बिनतोंडाची ठिवू नगंस. जत्रा परवावर आली."

आज वर चढलो. गोरा रंग कालवला. ब्रश टेकवायच्या आधीच हात उजवी भुवई वर घ्यायला लागला. खाली उतरलो. पुन्हा चढलो. पुन्हा तेच! दुसरा चेहरा हाताला येतच नाही.

धम्मशीला म्हणाली, "मग तोच काढा. तुमच्या प्रेमाचा चेहरा आहे तो." केनियाचा सुतार, कोरियाची बाई, सगळ्यांना तेच वाटतं. मनिषाताई म्हणाल्या, यावरच तुमचं दोन वर्षांचं काम उभं राहील. मलाही पटलं. आईबापांनी जिला घराबाहेर काढलं, तिला मी नकळत गावोगाव शिखरावर बसवलं – देवानंच माझ्या हातून हे करून घेतलं असेल. ह्या विचारानं आठवड्यात पहिल्यांदा बरं वाटलं. परवा पहाटे उपास धरून काढेन. ती आली तर तिच्यादेखत.

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी.

सरजा आली. एकटीच, पहिल्या एसटीनं. मी परांचीवर होतो, ब्रश भिजवलेला. ती खाली उभी राहिली, बाणाईच्या कोऱ्या तोंडाकडे बघत. आत्या, दैवशाला, माझे अकरा सोबती, सगळी वाडी जमलेली. मला वाटलं, हात जोडेल.

म्हणाली, "दादा, आईनं मला एकदाच दिलं देवाला. तू तर गावोगाव देत सुटलास. आता तरी खाली उतरीव मला."