आपल्या रोडस्टरचे वाटेकरी

प्रिय आंतोन,

काल तुझ्या वर्षाची मिस्सा झाली. मढच्या चर्चमागे तुझ्या कबरीपाशी मी मेणबत्ती लावली, फुलं ठेवली, सगळं रीतसर केलं. खरं सांगू? मला तिथं उभं राहून तुझ्याशी भांडायचं होतं. पण शेजारी फिलूवैनी रुमाल तोंडाला लावून उभ्या, पुढे फादर, मागे तुझी सगळी भावकी.  आज सकाळी नाहूरला घरी चहा घेऊन बसलो आणि म्हटलं, तोंडाने नाही तर कागदावर. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे. शिव्या मात्र नीट वाच.

गेल्या रविवारी मी आपली गाडी बघितली, आंतोन. एका जागी नव्हती. पाच जागी होती!

घाटकोपरला जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. मांडव, बँड, सरबत, सगळा थाट. मी तिकीट काढून आत गेलो. हो, तिकीट काढून! त्यातल्या निम्म्या गाड्यांखाली मी उताणा पडून आयुष्य काढलंय, पण दारावरच्या पोरीला ते कसं कळणार? आत गेलो तर पहिलाच भरतशेठ, आपलं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या काळ्या गाडीला आपले दोन दिवे. पुढच्या हिरव्या गाडीला आपलं स्टिअरिंग. तिसऱ्या गाडीला आपल्या काचेची पितळी चौकट. कोणाच्या डॅशबोर्डात आपलं घड्याळ, कोणाच्या रेडिएटरवर आपलं टोपण. पॉलिश करकरीत! आणि आपली गाडी कुठे? मढला, तुझ्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली.

मी वाकून दिव्याच्या कडेखाली बोट फिरवलं. तीन ठिपके लागले हाताला. माझेच.

आठवतं ना? मुलुंडच्या त्या बंगल्यामागून गाडी आणली, तेव्हा तिच्यात कोंबड्या राहत होत्या. अंड्यांवर बसलेली एक कोंबडी उठायला तयार नाही, तर तू तिला म्हणालास, "बाय, उतर आता. स्टेशन आलं." तीन दिवस आपण नुसती शीट धूत होतो. मी तुला विचारलं, "अरे, हिच्या खिडक्या कुठायत?" तू म्हणालास, "रोडस्टरला खिडक्या नसतात रे येड्या. दोन माणसं पुढे, कापडी छप्पर मागे दुमडायचं, आणि वारा खात जायचं. तिसरा कोणी चिकटलाच तर मागे डिकी उघडून त्यात बसवायचा." "मग तिसरा मी," मी म्हणालो. "नाय, तू पुढे," तू म्हणालास. "डिकीत फिलूच्या भावाला टाकू."

अंधेरीच्या गॅरेजात आपण दोघं पंचविशीत भेटलो, तेव्हापासून दुसऱ्यांच्याच गाड्या केल्या. ही पहिली आपली. अमेरिकेत जन्मलेली, कुठल्या साहेबाबरोबर बोटीतून आलेली, आणि शेवटी आपल्या पदरात पडलेली. खोलताना हरेक भाग कुठून निघाला ते लक्षात राहावं म्हणून मी आतल्या अंगाला पंचने ठिपके मारायचो. एका गिऱ्हाइकाच्या गाडीला एक, दुसऱ्याच्या गाडीला दोन. आपल्या गाडीला तीन. तू हसायचास. "गाईच्या कानाला बिल्ला मारतोस होय रे?" म्हणायचास. बरं झालं मारला. नाहीतर रविवारी मला वेड लागलंय असंच मला वाटलं असतं.

पहिल्यांदा दिवे गेले. त्या दिवशीच तुझा हात धरायला हवा होता. भरतशेठच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर, आणि त्याच्या गाडीचा एक दिवा कुठे मिळेना. चोरबाजार झाला, कुर्ल्याचे भंगारवाले झाले. तू सरळ आपल्या गाडीचे दोन्ही काढायला लागलास.

"आंतोन, काय करतोस?"

"वरातीत काणी गाडी कशी जाईल रे? उसने देतोय."

"आणि आपली?"

"आपलीला कुठे वरात आहे!"

वरात झाली. त्या मुलीची मुलं आता कॉलेजात जातात. दिवे आले का परत?

मग सवयच लागली तुला. कोणाचं काही अडलं की तुझा पाना आपल्याच गाडीकडे वळायचा. "आपल्याला काय, मिळेल दुसरं." कुठून मिळणार होतं? नारळ आहेत का ते, दर मोसमाला लागायला? मी समोर उभा राहून बघायचो. लोक म्हणायचे, आंतोन देवमाणूस. मी सांगतो तुला, तू देवमाणूस वगैरे काही नव्हतास. तुला नाही म्हणता येत नव्हतं, एवढंच! मोठ्या घरची माणसं मढला तुझ्या दारात यायची, वैनींच्या हातचं सुरमईचं कालवण जेवायची, "आंतोन, तुझ्याशिवाय कोण आहे आम्हाला" म्हणायची, की तू मेणासारखा विरघळायचास. मी नाही म्हटलं की मी वाईट, तू हो म्हटलंस की तू राजा. असं किती वर्षं चाललं!

बरं, दिलंस तर दिलंस. मग मी बनवून देत होतो, ते तरी घालायचंस! कांजूरमार्गच्या लेथवाल्याकडे बसून दुसरे दिवे बसवायला पितळी पत्र्याचे दोन रिंग मी हाताने ठोकून आणले होते. हाताला फोड आले होते. तू ते उजेडात धरून बघितलेस. छान झालेत म्हणालास. आणि खिळ्याला टांगलेस.

"लाव ना."

"दत्तू, हिच्यात डुप्लिकेट नको रे. ही ओरिजिनलच होईल. थोडं थांब."

पुढच्या खेपेला आलो तर वैनी त्या रिंगांवर जाळी बांधून सोडे वाळवत होत्या! तेव्हा मी पण हसलो. पण घरी येताना होडीत बसून डोकं असं सणकलं होतं की वर्सोव्याला उतरायचं भान राहिलं नाही, परत मढला पोचलो असतो.

लोकांना स्वतःचं ओरिजिनल वाटून टाकायचं आणि स्वतःच्या गाडीला डुप्लिकेट चालायचं नाही. मग ती गाडी होणार कशी होती, आंतोन? कधी विचार केलास? मला वाटतं केला होतास. म्हणून तर दुपारचं जेवण झालं की शेडमध्ये जाऊन फळकुटावर बसायचास आणि नसलेलं स्टिअरिंग फिरवत तोंडाने "भुर्रर्र" करायचास. साठी उलटलेला माणूस! मी चिडवायचो, "कुठवर पोचली गाडी?" तू म्हणायचास, "मालवणी गेलं. आता सिग्नल आहे, थांब." मी हसत होतो रे. आता ते आठवलं की हसू येत नाही, तुझा राग येतो. खरी गाडी बुडाखाली, खरं इंजिन पुढे, हँडल मारलं की पहिल्या फटक्यात सुरू होणारं, आणि तू तोंडाने आवाज काढत बसलास. तसाच गेलास. एकदा, फक्त एकदा, रस्त्यावर घेतली असतीस तर काय बिघडलं असतं?

तुझ्या मातीला त्या गाडीवाल्यांतलं कोणी आलं नाही. तुला वाटलं असेल रांग लागेल. एकाने मोठं पुष्पचक्र पाठवलं, रिबिनीवर 'आमचा मेकॅनिक' लिहून. वैनींनी रिबीन सोडून घेतली आणि फुलं ठेवली.

तर रविवारी मी भरतशेठला गाठलं.

"अरे दत्तूभाई! या या. आंतोनचं ऐकलं. फार वाईट झालं. मी तेव्हा दुबईला होतो."

"शेठ, हे दिवे आमचे."

"हो ना, आंतोननेच दिले होते."

"दिले नव्हते. उसने दिले होते."

त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून मला मांडवाच्या कडेला नेलं. रागावला नाही, आवाजही चढवला नाही. "दत्तूभाई, आज परीक्षक फिरतायत, आज नको. आणि एक सांगू? आंतोन होता तोवर त्याने एकदा तरी मागितले का? मग तुम्ही कशाला जीव आटवता?"

  खरंच तर होतं. तू कधी मागितलेच नाहीस! मी त्या गर्दीत असा उभा, जणू मीच कोणाचं काही चोरायला आलोय. संध्याकाळी त्याला कप मिळाला. टाळ्या मीही वाजवल्या. हात आपोआप वाजतात रे.

आणि तो माणूस थांबला तिथं? मंगळवारी त्याचा फोन. "ऐकलं की मढची शेड मोकळी होतेय. तो गिअरबॉक्स तसाही पडूनच राहणार, मला देऊन टाका." शेडचं खरं आहे. शेजारच्या बंगल्यात रोज शूटिंग असतं, त्यांना मेकअपच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी. वैनी एकट्या, त्यांना भाड्याचा आधार होईल. नाताळनंतर जागा द्यायचं ठरलंय. काल मिस्सा झाल्यावर आम्ही शेडमध्ये उभे होतो, तर त्या बंगल्याचा मॅनेजर आला. ताडपत्री वर करून म्हणतो, "आंटी, हे भंगारात देऊ नका. आम्ही लॉनवर ठेवू. बोनेटमध्ये माती भरून जास्वंद लावू. सीनमध्ये मस्त दिसेल."

 तो गेल्यावर वैनींनी मला विचारलं, "दत्तूभाऊ, चालेल काय ती?"

"इंजिन चालतं वैनी. बाकी काय उरलंय? दिवे नाहीत, स्टिअरिंग नाही, काच नाही. सगळं डुप्लिकेट घालावं लागेल. आंतोनला ते पटलं नसतं..."

"आंतोन गेला." वैनी म्हणाल्या. मग जे सुटल्या! "गाडी आली त्या दिवसापासून ऐकते, फिलू तुला हिच्यातून मिस्साला नेतो. चालत जाऊन गुडघे गेले माझे. लोकांची वऱ्हाडं गेली आमच्या दिव्यांवर. मना काय कळते ओरिजिनल नि डुप्लिकेट? मना बसायचं हाय! तुम्ही करता काय, का देऊ त्याला माती भरायला?"

इतकी वर्षं त्या घरात जेवलो, आंतोन, पण त्या बाईला काय हवंय हे तुला कळलं नाही आणि मलाही नाही. आपण दोघं पार्ट शोधत होतो.

म्हणून आता ऐक. हे वचन समज, नाहीतर तुला शिक्षा समज.

भरतशेठला मी नाही म्हणालो. एकाच शब्दात. बघ, म्हणता येतं! त्या गाडीतला एक नटही आता कोणाला मिळणार नाही. दिवे मी भंगारातल्या टॅक्सीचे लावणार. स्टिअरिंग जीपचं मिळेल, जरा मोठं असेल, चालेल. काचेची चौकट कांजूरमार्गचा लेथवाला लोखंडाची करून देईल, पितळ नाही म्हणजे नाही. सीट भांडुपचा सोफेवाला शिवेल आणि रंग वैनींनी कालच निवडलाय, पिवळा. हो, पिवळा! तोंड वाकडं करू नकोस. जाणकार बघतील तर थुंकतील. थुंकू देत. मी त्या भागांवर एकही ठिपका मारणार नाही. ते कोणाला परत द्यायचे नाहीत आणि कोणाकडून परत घ्यायचे नाहीत.

नाताळच्या सकाळी वैनी चर्चला चालत जाणार नाहीत. त्या पुढे बसतील, चालवणार मी. मिस्सा सुटली की त्यांना जेट्टीपर्यंत फिरवून आणीन, गावातून, सगळ्यांच्या दारावरून. येताना कबरस्तान लागेल. तिथं मी गाडी थांबवणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. मेल्या, एवढी वर्षं थांबलो तुझ्यासाठी, आता नाही.

वैनी थांबा म्हणाल्या तरच थांबेन.

तुझा,
दत्तू
नाहूर